सहा ग्रॅमची मिरची

निवृत्तीच्या अकराव्या दिवशी काटासाहेबांनी अंगाचा साबण तोलला. वेष्टनावर शंभर ग्रॅम छापले होते; भरला अठ्ठ्याण्णव. कमरेला टॉवेल, डोक्यावरून निथळणारे पाणी, अशा अवस्थेत ते स्वयंपाकघरात काट्यापुढे उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर गुन्हेगार सापडल्याचे समाधान होते.

"दोन ग्रॅम कमी! दिवसाढवळ्या!"

"अहो, तुम्ही आत्ताच त्याने अंघोळ केलीत ना?" बायको म्हणाली. "ते दोन ग्रॅम तुमच्या अंगावर असतील."

काटासाहेबांनी क्षणभर विचार केला आणि मुद्दा मान्य केला. ते हट्टी नव्हते. समोरच्याने फक्त वजनदार बोलावे, एवढीच त्यांची अपेक्षा असे.

काटासाहेब हे काही त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. चौतीस वर्षे ते वजनमापे निरीक्षक होते आणि हे नाव त्यांना दुकानदारांनी बहाल केले होते, ते दुकानातून निघून गेल्यावर हळू आवाजात उच्चारण्यासाठी. दुकानात शिरले की ते कोणाशी बोलत नसत. आधी सगळी वजने उलटी करत आणि बुडाचा शिक्का पाहत. "खरी खूण बुडाला असते," हे त्यांचे आवडते वाक्य. "वरून सगळेच किलो सारखे दिसतात." निवृत्त झाले तरी ही सवय गेली नव्हती. चहाचा कपसुद्धा ते उलटा करून पाहत, आणि एकदोनदा तो भरलेला होता.

त्यांच्या बायकोला सारी इमारत मावशी म्हणे. मावशींनी साबण जागेवर ठेवला, नवऱ्याच्या हातात पिशवी दिली आणि दार उघडले.

"झाडं लावा. निवृत्त माणसं झाडं लावतात. कोपऱ्यावरच्या बियाणेवाल्याकडे जा, आणि दुपारच्या आत परत येऊ नका."

कोपऱ्यावरच्या बियाणेवाल्याची आणि काटासाहेबांची जुनी ओळख होती. त्यांनी त्याचा काटा तीन वेळा जप्त केला होता. तिन्ही वेळा पारडे चार-दोन ग्रॅमने झुकत होते आणि तिन्ही वेळा ते बियाणेवाल्याच्याच बाजूला झुकत होते, हा निव्वळ योगायोग असल्याचे त्याने तिन्ही वेळा लिहून दिले होते. काटासाहेबांना दारात पाहताच त्याने सवयीने वजने उलटी करून ठेवली.

"तपासायला नाही आलो," काटासाहेब म्हणाले. "विकत घ्यायला आलोय."

बियाणेवाला खाली बसला. त्याला थोडा वेळ लागला.

"काय देऊ, साहेब?"

"एखादं झाड. ज्याची वाढ नीट मोजता येईल असं."

बियाणेवाल्याने गल्ल्यामागच्या खणातून एक काड्यापेटी काढली. आत कापसावर पाच चपट्या, फिकट बिया होत्या.

"मिरची आहे. यापेक्षा तिखट मिरची नाही म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? किती तिखट?"

"आता तिखट कसं मोजणार, साहेब? लांबी मोजाल, वजन मोजाल. तिखट ते तिखट."

"प्रत्येक गोष्टीला माप असतं," काटासाहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षे रोज म्हटले होते आणि त्यावर त्यांचे घर उभे होते.

"मग हिचं काढा!" बियाणेवाला एकदम पुढे वाकला. "फुकट न्या, साहेब. पण नाही जमलं, तर याच दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणायचं, की काही गोष्टींना माप नसतं. तीन वेळा माझा काटा नेलात. एवढं तरी देणं लागता."

काटासाहेबांनी काड्यापेटी उचलली. खालून पाहिली. आणि खिशात घातली.

घरी येऊन त्यांनी पाचही बिया सोने तोलायच्या नाजूक काट्यावर ठेवल्या. काटा हलला नाही. फुंकर मारली तर बियाच उडाल्या. काटा जागच्या जागी. आयुष्यात प्रथमच काट्याने त्यांना काही सांगितले नव्हते.

बिया वेचून, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून त्यांनी त्या दह्याच्या रिकाम्या डब्यातल्या मातीत पेरल्या. मिरचीला रुजायला ऊब लागते असे कळल्यामुळे डबा फ्रिजच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, गरम हवेत ठेवला. मग ते रोज सकाळी स्टुलावर चढू लागले. आठ दिवस गेले, पंधरा गेले. एकोणिसाव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "गेल्या असतील हो त्या. आता उतरा, गुडघे दुखतील."

एकविसाव्या दिवशी काटासाहेब स्टुलावरून उतरेनात.

"अगं, इकडे ये. काही बोलू नकोस. वर ये."

मावशी दुसऱ्या स्टुलावर चढल्या. मातीतून हिरवा, केसाएवढा एक आकडा वर आला होता. मान खाली, पाठ वर. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याने वर्गात शिरावे तसा. दोघे नवराबायको फ्रिजच्या डोक्यावर तोंडे टेकवून उभे राहिले. खाली दूध उतू गेले.

"एवढ्याशा बीत हे कुठं होतं हो?" मावशींनी विचारले.

"काट्यावर तर काहीच भरलं नव्हतं," काटासाहेब कुजबुजले. त्यांच्या आवाजात असा काही सूर होता की मावशींनी दुधाबद्दल ब्र काढला नाही.

पाचातली ती एकच रुजली. पण माप घ्यायचे तर शेजारी प्रमाण हवे, या तत्त्वाने काटासाहेबांनी साध्या मिरचीची दहा रोपे आणली. रंगाच्या अकरा रिकाम्या बादल्या गोळा केल्या, बुडांना भोके पाडली, माती, कंपोस्ट आणि वाळू मापाने भरली, आणि प्रत्येक बादलीच्या बुडाला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली. बुडालाच का, असे मावशींनी विचारले नाही. सदतीस वर्षांच्या संसारात त्या प्रश्नांची काटकसर करायला शिकल्या होत्या.

सहा पाने फुटल्यावर ते एकुलते रोप बादलीत गेले. वीतभर झाल्यावर त्याचा शेंडा खुडायचा होता, म्हणजे फांद्या फुटतात. काटासाहेबांनी त्याच्यापुढे कात्री धरून अर्धा तास काढला आणि शेवटी मावशींकडून खुडून घेतला. मावा पडला तेव्हा साबणाचे पाणी फवारले. साबण तोच, अठ्ठ्याण्णववाला. फुले आली आणि उन्हाने गळून गेली. पुन्हा आली, पुन्हा गळली. शेवटी काटासाहेब रंगाचा बारीक ब्रश घेऊन या फुलातून त्या फुलात फिरवू लागले.

"या वयात लग्नं जुळवताय," मावशी म्हणाल्या.

साध्या रोपांना ओंजळीओंजळीने मिरच्या लागल्या. या रोपाला एकच लागली. दीड बोटाची, अंगभर सुरकुत्या, आणि टोकाला विंचवाच्या नांगीसारखे शेपूट. हिरव्याची पिवळी व्हायला तिने तीन आठवडे घेतले, पिवळ्याची नारिंगी व्हायला दोन. काटासाहेब तिच्यापुढे खुर्ची टाकून बसत. पूर्वी ते पेपर घेऊन बसत; आता पेपर मांडीवर तसाच राही.

इथवर सगळे मापात चालले होते. बिघडले ते पाण्यामुळे.

बादल्यांच्या बुडाला भोके होती, गॅलरीच्या कडेला पन्हाळ होते, आणि पन्हाळाखाली गाण्याच्या बाईंची कपड्यांची दोरी होती. गाण्याच्या बाई खालच्या मजल्यावर राहत आणि तिथेच शिकवणी घेत. त्यांचा गळा ही इमारतीतली सर्वात नाजूक वस्तू होती. गेली बावीस वर्षे त्यांनी तिखट, तळलेले आणि थंड काही घशाखाली उतरवले नव्हते. वाफ घेत, गळ्याला रुमाल बांधत, आणि तरीही एक वरचा सूर होता, जिथे त्यांचा आवाज दर वेळी उंबऱ्याशी जाऊन परत फिरे. त्या बाईंच्या पांढऱ्या रुमालांवर रोज सकाळी मातकट ठिपके पडू लागले.

बाई वर आल्या. "काटासाहेब, तुमची झाडं माझ्या घरात गळतात."

"किती गळतात?" काटासाहेबांनी आस्थेने विचारले. "मिलिलिटरमध्ये?"

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तशा अजून खऱ्या झोंबायच्या होत्या. त्यांनी इमारतीच्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार केली, आणि नुसत्या गळतीला कोण विचारतो म्हणून पुढे एक ओळ वाढवली: 'या भाराने गॅलरी माझ्या डोक्यावर येईल.'

सेक्रेटरी हा गृहस्थ बोलायला लागला की थांबत नसे. त्याच्या सभा संपत नसत, लोक एकेक करून नाहीसे होत. त्याने इमारतीतल्या इंजिनिअरला गाठले. हा पूल बांधायच्या कामावर होता, म्हणून सगळे त्याला पूलवाला म्हणत. पूलवाल्याने गॅलरी पाहिली, पायाने ठोकली, आणि सांगितले की कुंड्यांचा भार शंभर किलोच्या वर जाता कामा नये. नोटीस लागली: रविवारी सकाळी अकरा वाजता पाहणी. भार किंवा गळती, काहीही आक्षेपार्ह आढळल्यास सर्व झाडे त्याच दिवशी उतरवण्यात येतील.

सोमवारी पहाटे काटासाहेबांनी स्प्रिंगच्या काट्याला एकेक बादली टांगली. बेरीज आली एकशे नऊ किलो चारशे ग्रॅम.

"दोन बादल्या माझ्या बहिणीकडे पाठवा," मावशींनी सुचवले. "कोणाला कळतंय?"

"मला," काटासाहेब म्हणाले. "पाहणीच्या आधी मुद्देमाल हलवायचा नसतो. चौतीस वर्षं लोकांना हेच सांगितलंय."

"मग?"

"पाणी बंद. पाणी आपोआप उडतं. ती नैसर्गिक घट. नियमात बसते."

सोमवारपासून पाणी बंद झाले. गळतीही थांबली. बुधवारी पाने माना टाकू लागली. काटासाहेबांनीही टाकली. त्यांना जेवण जाईना. तहान लागली तर ते गॅलरीकडे पाठ करून पाणी पीत. शनिवारी संध्याकाळी बेरीज नव्व्याण्णव किलो आठशेवर आली आणि त्याच संध्याकाळी ती मिरची लाल झाली. लाल म्हणजे कशी, हे सांगणे कठीण आहे. गॅलरीतला दिवा लावायची गरज वाटली नाही, एवढेच मावशी नंतर सांगत.

"उद्या सकाळीच माप घेतो," काटासाहेब म्हणाले. "अकरानंतर झाड असेल, नसेल."

तिखटाचे माप घ्यायची एक जुनी रीत त्यांनी शोधून काढली होती. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचे, आणि जिथे जिभेला तिखट लागेनासे होईल तिथे थांबायचे. किती पट पातळ केले, तेच तिचे माप. साधी गोष्ट होती. बियाणेवाल्याला सोमवारी सकाळी आकडा तोंडावर फेकता आला असता.

रविवारी सकाळी नऊ वाजता मिरची तोलली. सहा ग्रॅम. काटासाहेबांनी ती मिक्सरमध्ये थोड्या पाण्यात फिरवली आणि झाकण उघडले. पहिल्यांदा काहीच झाले नाही. मग त्यांना वाटले, आपल्याला कोणीतरी नाव घेऊन हाक मारली. ते तीन पावले मागे सरकले. बेडरूममध्ये मावशी खोकू लागल्या. जिन्यात पेपरवाला खोकू लागला. समोरच्या दारातली मांजर उठली आणि दुसऱ्या इमारतीत राहायला गेली.

अर्क कपड्यातून गाळून बरोबर दोन लिटर साखरेच्या पाण्यात मिसळायचा होता. घरात दोन लिटरची खूण असलेले एकच भांडे होते: पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा जग. काटासाहेबांनी त्यात मिश्रण केले. पाणी किंचित गुलाबी, सुरेख दिसू लागले. त्यांनी कागदावर 'क्र. १' लिहिले आणि, चिठ्ठी चिकटवायची एकच जागा त्यांना ठाऊक असल्यामुळे, जगाच्या बुडाला चिकटवली. त्यातले चमचाभर घेऊन दहापट पातळ केले, तो क्र. २. त्यातले घेऊन पुन्हा दहापट. असे सहापर्यंत पाच पेले खिडकीत रांगेने उभे राहिले.

"अहो, माणसं येणार आहेत," मावशी न्हाणीघराच्या दारातून म्हणाल्या. "काहीतरी थंड करून ठेवाल का?"

"हूं," काटासाहेब म्हणाले. त्यांनी काहीही ऐकले नव्हते.

नियमाप्रमाणे सर्वात पातळ पेल्यापासून सुरुवात करायची होती. क्र. सहामध्ये मिरचीचा जो अंश होता तो काट्यावर तर सोडाच, हिशेबातही जेमतेम दिसत होता. इथे काही लागणार नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांनी एक थेंब जिभेवर ठेवला. गोड लागले. मग जिभेच्या टोकावर, फार लांबून, कोणीतरी काडी ओढली.

"अरे!" काटासाहेब म्हणाले. ते घाबरले नव्हते. दगडात धुगधुगी जाणवावी तसे त्यांना झाले होते. ते जीभ बाहेर काढून गॅलरीत गेले आणि माना टाकलेल्या त्या रोपापुढे उभे राहिले. तेवढ्यात घंटा वाजली. अकरा वाजले होते.

मावशी केस पुसत स्वयंपाकघरात आल्या. खिडकीतले पाच पेले त्यांनी ओळखले आणि त्यांना बोटसुद्धा लावले नाही. त्या काही वेड्या नव्हत्या. पण मधोमध पाहुण्यांचा जग होता, काठोकाठ गुलाबी, शेजारी साखरेचा डबा उघडा. मावशी थबकल्या. सदतीस वर्षांत या माणसाने पाहुण्यांसाठी काही केले, अशी ही पहिलीच वेळ होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. काही हवेमुळे, पण सगळे हवेमुळे नव्हे. त्यांनी चार लिंबे पिळली, बर्फ घातला, आणि एक ग्लास बिनबर्फाचा भरला. तो बाईंसाठी.

इकडे गॅलरीत पाहणी झाली. पूलवाल्याने स्वतः बादल्या तोलल्या. नव्व्याण्णव किलो आठशे.

"भार बसतो," तो नाराजीने म्हणाला.

"आज बसतो," बाई म्हणाल्या. "उद्या पाणी घातलं की? पाणी घातलं की गळणार, गळलं की माझे रुमाल. मला ते काही माहीत नाही. झाडं उतरवा."

सगळे दिवाणखान्यात येऊन बसले. सेक्रेटरीने कागद काढला आणि बोलायला सुरुवात केली. इमारतीचा इतिहास, गॅलरीचे कायदेशीर स्वरूप, लोकशाहीत शेजाऱ्याचे स्थान. बोलता बोलता त्याने लिहिलेही: 'सर्व झाडे आज सायंकाळपर्यंत...' काटासाहेब दारात उभे होते. त्यांना आपल्या बाजूने काही बोलायचे होते, पण वजनदार असे काही सुचत नव्हते.

"घसा सुकला असेल, घ्या," मावशी ट्रे घेऊन आल्या. "आज यांनी स्वतः केलंय."

उकाडा होता. तिघांनी ग्लास उचलले आणि एका दमात अर्धे केले.

"वा!" पूलवाला म्हणाला. "छान गोड आहे."

काटासाहेबांची नजर ट्रेवरच्या जगावर गेली. ते सावकाश पुढे आले, त्यांनी जग उचलला आणि खालून पाहिला. जुनी सवय म्हणून कोणाला त्यात विशेष वाटले नाही.

"क्रमांक एक," ते अगदी हळू म्हणाले. आणि नकळत त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

"म्हणजे?" सेक्रेटरीने विचारले. त्या दिवसातला हा त्याचा शेवटचा शब्द.

पूलवाला पहिला गेला, अकराव्या सेकंदाला. तो भाराची आकडेमोड मावशींना समजावून सांगत होता, "शंभर गुणिले..." आणि तिथे थांबला. त्याच्या कपाळावर एक थेंब आला, मग दुसरा, मग सगळेच. तो गुणाकार आजतागायत पूर्ण झालेला नाही. सेक्रेटरीने तोंड उघडले. ज्या तोंडातून वीस वर्षे शब्दांचा पूर वाहिला त्यातून फक्त वाफेसारखे काहीतरी बाहेर पडले. डोळ्यांतून धारा लागल्या. त्याला ब्रह्मांड आठवत असावे, पण पहिल्यांदाच तो त्याचे वर्णन करत नव्हता.

"अगं बाई, दूध!" मावशी आत धावल्या. "पाणी नका पिऊ, पाणी नका पिऊ कुणी!"

गाण्याच्या बाई अजून सरळ बसल्या होत्या. त्यांच्या ग्लासात बर्फ नव्हता, म्हणून त्यांनी तो पूर्ण संपवला होता. त्यांचा चेहरा गुलाबी झाला, मग लाल, मग त्या मिरचीचा जो रंग होता तो. गळ्याचा रुमाल त्यांनी सोडला. उभ्या राहिल्या. तोंड उघडले.

आणि सूर लागला.

तो ओरडण्याचा आवाज नव्हता. तो सरळ, स्वच्छ, वर चढत गेलेला एक सूर होता. नेहमीच्या उंबऱ्याशी तो आला, आणि उंबरा जणू नव्हताच असा पलीकडे गेला. तिथे राहिला. शोकेसमधल्या काचा किणकिणल्या. खालच्या मजल्यावर रविवारच्या शिकवणीला आलेल्या मुली पेटी वाजवायच्या थांबल्या आणि एकेक करून उभ्या राहिल्या. जिन्यातली दारे उघडली. रस्त्यावर भाजीवाल्याने गाडी थांबवली आणि वर पाहिले. सेक्रेटरी रडत होता, पण आता वेगळ्या कारणाने रडत होता असे त्याचे म्हणणे आहे. मावशी हातात दुधाचे पातेले घेऊन दारातच खिळल्या.

काटासाहेबांच्या हातात घड्याळ होते. सूर किती वेळ टिकला हे सांगू शकणारा पृथ्वीवर तो एकच माणूस होता. पण सूर सुरू असताना ते घड्याळाकडे बघायला विसरले.

मग तो संपला. बाई खाली बसल्या आणि मावशींनी दिलेले थंडगार दूध, बावीस वर्षांचे पथ्य मोडून, पातेल्यानेच प्यायल्या. पूलवाल्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता.

"चुकी माझी," काटासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "चिठ्ठी बुडाला लावली. झाडं मी संध्याकाळपर्यंत उतरवतो."

बाईंनी हात वर करून त्यांना थांबवले.

"किती मिरच्या होत्या त्यात?"

"एक."

"एक?"

"सहा ग्रॅम."

बाई उठल्या आणि गॅलरीत गेल्या. मागोमाग सगळे गेले. सेक्रेटरी भिंतीला धरून, पूलवाला तोंडात जीभ न ठेवता. सुकलेल्या मातीत, रंगाच्या बादलीत, ते गुडघाभर उंचीचे रोप मान टाकून उभे होते. पाने लोंबत होती. पाच माणसे त्याच्याभोवती उभी राहिली.

"हे?" बाईंनी शेवटी विचारले.

"हे."

बाईंनी वाकून एका पानाला हात लावला. मग एकदम वळल्या.

"अहो, केव्हापासून पाणी नाही दिलं याला? सुकलंय बिचारं! माणसं आहात की कोण?"

"भार वाढेल," काटासाहेब म्हणाले.

"वाढू दे."

"खाली गळेल."

"गळू दे! रुमाल माझे आहेत." त्या पूलवाल्याकडे वळल्या. "शंभर किलोच्या वर पाच-दहा किलो गेले तर गॅलरी पडते का हो?"

पूलवाल्याने गॅलरीकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि जोरात नकारार्थी मान हलवली. बोलणे त्याला अजून शक्य नव्हते. सेक्रेटरीने खिशातून कागद काढला, 'सर्व झाडे आज सायंकाळपर्यंत' या शब्दांपुढे 'पाण्याने भिजवावीत' असे लिहिले, आणि सही केली. इमारतीच्या इतिहासात त्याचा एवढा छोटा ठराव दुसरा नाही.

काटासाहेबांनी बादली भरून आणली. रोज ते मापाच्या पेल्याने पाणी घालत. आज पेला शोधायला कोणी गेले नाही.

सोमवारी सकाळी ते बियाणेवाल्याकडे गेले. दुकानात चार गिऱ्हाइके होती. बियाणेवाल्याने मुद्दाम मोठ्या आवाजात विचारले, "काय साहेब? लागलं का माप?"

काटासाहेबांनी घडलेले सगळे सांगितले. क्र. सहाचा थेंब, पूलवाल्याचा गुणाकार, बाईंचा सूर. मध्येच एका गिऱ्हाइकाने पिशवी खाली ठेवली.

"पाणी किती दिवस तोडलं होतंत?" बियाणेवाल्याने विचारले.

"सहा दिवस."

बियाणेवाल्याने कपाळावर हात मारला. "साहेब, पाणी तोडलं की मिरची चिडते! आधीच ती तसली, त्यात तुम्ही तिला सहा दिवस उपाशी ठेवलीत! मग? किती भरली शेवटी? आकडा?"

काटासाहेबांनी तोंड उघडले. चौतीस वर्षांच्या सवयीने जिभेवर दशांश चिन्ह येऊ पाहत होते. ते त्यांनी गिळले.

"पुष्कळ," ते म्हणाले.

एवढेच म्हणून त्यांनी खिशातून तीच काड्यापेटी काढली. आत कपड्यातून गाळताना अख्ख्या राहिलेल्या बिया होत्या, धुवून, सुकवून ठेवलेल्या. चिमूटभर त्यांनी गाण्याच्या बाईंसाठी बाजूला काढून ठेवल्या होत्या. बाकीच्या बियाणेवाल्यासाठी आणल्या होत्या.

"तुमच्या पाच होत्या. परत करतोय."

बियाणेवाल्याने पेटी उघडली. पाचाहून बऱ्याच जास्त होत्या. सवयीने त्याने सोन्याचा काटा पुढे ओढला आणि बिया पारड्यात ओतू लागला.

"राहू द्या हो," काटासाहेब म्हणाले. "मोजू नका."

आणि पिशवी झुलवत ते दुकानाबाहेर पडले.

बियाणेवाला हातात काड्यापेटी धरून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. मग भानावर येऊन त्याने पहिल्या गिऱ्हाइकाचे कंपोस्ट तोलायला घेतले, आणि त्याचे त्यालाच नवल वाटले: काटा झुकत होता, पण गिऱ्हाइकाच्या बाजूला.